झाकणाखालचे थेंब

१

गुरुवारी दुपारी बारा-दहाला भटकंती मंडळाच्या खोलीत जेवण मांडलं जायचं, आणि त्यात आजवर कधी खंड पडला नव्हता. परीक्षा असो, वादळ असो, दोघं तापानं फणफणलेले असोत, उरलेला एक जण भात लावायचाच. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला मंडळांची जुनी दुमजली इमारत होती. बाहेरून लोखंडी जिना, आणि वरच्या मजल्यावरची शेवटची खोली यांची. दारात बूट काढायचे, टोकं बाहेर करून नीट लावायचे आणि बुटक्या मेजाभोवती आपापल्या आसनावर बसायचं.

माणसं तीन होती. चौथ्या वर्षाचा इगाराशी हा प्रमुख, तिसऱ्या वर्षाची कोझुए, आणि दुसऱ्या वर्षाची नोनोका, जिचं तोंड झोपेतही बंद नसेल. आसनं मात्र चार. चौथं खिडकीजवळ, मागचा डोंगर समोर दिसेल असं. त्याच्यापुढे दर गुरुवारी एक ताट वाढलेलं असायचं: भात, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याच्या दोन चकत्या, आणि झाकणाच्या लाखी वाडग्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, गरम सूप.

ते ताट मिहोकोचं. नऊ वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ती एकटीच मागच्या डोंगरावर गेली आणि परत आली नाही. माणूस लांबच्या वाटेला गेलं की घरी त्याच्या नावानं ताट वाढायचं, म्हणजे तिकडे ते उपाशी राहत नाही, ही इकडची जुनी रीत. तेव्हाच्या पोरांनी ती धरली आणि जाताना पुढच्यांच्या हाती दिली. आताच्या तिघांपैकी कुणी मिहोकोला पाहिलंही नव्हतं. भिंतीवर तिचा एक फोटो होता. आखूड केस, हसरा चेहरा, पाठीवर लाल पिशवी, पिशवीला पितळी घंटी. शरदात अस्वलं खाली उतरतात. त्यांना माणसाची चाहूल आधीच लागावी म्हणून डोंगरात जाणारा जो तो पिशवीला घंटी बांधतो.

जेवणं झाली की सगळ्यात लहान असेल त्यानं खिडकीजवळच्या वाडग्याचं झाकण उलटं करून बघायचं. आतून थेंब जमलेले असले की वाटसरू सुखरूप.

"थेंब आहेत," नोनोका म्हणायची.

"मग ठीक आहे," बाकीचे दोघं म्हणायचे आणि सूप मोरीत जायचं.

गरम सुपावर झाकण ठेवलं तर थेंब धरणारच, त्यात कसलं आलंय नवल! हे कोझुएला कळत होतं. पण 'मग ठीक आहे' म्हणाल्याशिवाय तिलाही गुरुवार पार पडल्यासारखा वाटायचा नाही.

२

त्या वर्षी सप्टेंबरात तामता आली. कॉकेशसच्या डोंगरातल्या जॉर्जिया देशातली, वर्षभरासाठी आलेली पाहुणी विद्यार्थिनी. विद्यापीठानं कोझुएला तिची सोबतीण नेमलं होतं. कागदावर सही घेतली होती: हिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, येणंजाणं, सगळ्याची काळजी मी घेईन.

पोरगी मोठी गोड. उंच, मोठ्यांदा हसणारी, आणि जेवताना प्रत्येक घासाला नकळत 'हंऽऽ' असा सूर लावणारी. "आमच्याकडे सगळे असंच जेवतात," ती म्हणायची, "गप्प जेवलं की आई विचारते, काय बिघडलं?" पण पहिला महिना तिला फार जड गेला. इकडे भेटेल तो म्हणतो, "कधीतरी जेवायला जाऊ या हं!" आणि जो म्हणतो त्याला जायचं नसतं, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तामतानं आपली वही काढून विचारावं, "कधी? मंगळवार जमेल?" की समोरच्याचा चेहरा पांढराफटक. दोन-तीनदा असं झालं, आणि वही पिशवीतच राहायला लागली. भोजनगृहात भिंतीकडे तोंड करून एकट्यानं बसायची जागा असते, तिथे ती कोझुएला एकदा दिसली. आवाज न करता जेवत होती. कोझुएला इतकी लाज वाटली की ती तडक जाऊन म्हणाली, "गुरुवारी आमच्या मंडळात ये. बारा-दहाला. नक्की. वहीत लिही."

ऑक्टोबरातल्या शेवटच्या गुरुवारी कोझुएला कचेरीत एका शिक्क्यासाठी सात मिनिटं उशीर झाला. तेवढाच काय तो उशीर. दार सरकवून बघते तर तामता खिडकीजवळच्या आसनावर बसली होती. वाडग्याचं झाकण बाजूला होतं, अर्धा भात संपला होता, आणि 'हंऽऽ' चालू होतं. इगाराशी आणि नोनोका पाठीत काठी घातल्यागत ताठ बसले होते.

"कोझुए!" तामताचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी ताट वाढून ठेवलंत तुम्ही! मी यायच्या आधीच! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा..."

तिनं बाहीनं डोळे पुसले.

इगाराशीनं कोझुएकडे पाहिलं. पाहुणी तुझी आहे, तूच सांग, असा त्या पाहण्याचा अर्थ. नोनोका ताटलीतल्या चकत्या मोजत बसली. आणि कशाला खोटं बोला, कोझुएच्या तोंडाशी वाक्य आलंही होतं. पण त्या आनंदलेल्या चेहऱ्याला कोण सांगणार, की बाई गं, हे तुझं नाही, हे एका हरवलेल्या मुलीचं आहे? पाहुण्याला चारचौघांत तोंडघशी पाडणं याच्याइतकं वाईट काम इकडे दुसरं नाही. तिघंही मूग गिळून बसले.

"आवडलं का?" कोझुए म्हणाली.

जेवणानंतर सवयीनं नोनोकानं झाकण उचललं, उलटं केलं. क्षणभर थांबली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "थेंब आहेत."

"मग ठीक आहे."

भांडी घासताना कोझुएनं ते झाकण हातात घेतलं. आतून ते कोरडं ठणठणीत होतं, उन्हात वाळवल्यासारखं. केव्हाचं उघडं पडलं होतं, वाळलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

३

पुढच्या गुरुवारी तिघांनी मिळून युक्ती केली. तामताला खिडकीजवळच बसू द्यायचं, आणि मिहोकोचं ताट भांड्यांच्या फळीजवळच्या कोपऱ्यात मांडायचं. जागा बदलली म्हणून काय झालं? ताट तेच, सूप तेच.

"ते कुणाचं?" तामतानं विचारलंच.

"जुनी मेंबर आहे एक," इगाराशी म्हणाला. "येते कधीतरी."

जेवण झाल्यावर नोनोकानं कोपऱ्यातलं झाकण उचललं. सुपाची वाफ भसकन वर आली. झाकण कोरडं होतं.

"हवा कोरडी आहे," इगाराशी पटकन म्हणाला.

कोझुएनं आपल्या वाडग्यावर झाकण ठेवून उचललं. टपटप थेंब गळाले. नोनोका खालमानेनं म्हणाली, "सेंपाई, आज मी 'थेंब आहेत' म्हणू की नको?" वरच्या वर्षातल्यांना सेंपाई म्हणायचं आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायचं, अशी पद्धत. दोघा सेंपाईंनी भांडी गोळा करायला घेतली.

तामताचे दिवस मात्र पालटले. चालताना तिच्या पावलात जोर आला, गालांवर रंग चढला. एवढंच, की ती भोजनगृहात दिसेनाशी झाली.

"भूकच लागत नाही गं," ती म्हणाली. "गुरुवारी जेवले की पुढच्या गुरुवारपर्यंत पोट भरलेलं. तुमच्या तांदळात काय घालता?"

"चेष्टा करू नकोस. काहीतरी खात जा."

"डबा नेते ना मी डोंगरावर. पण तो सगळा तीच संपवते."

"कोण ती?"

"तुमच्या मंडळातली! रोज सकाळी वसतिगृहाखाली येऊन उभी राहते, फिरायला नेते. फारसं बोलत नाही, पण किती खाते! माझ्यासाठी घासभर ठेवत नाही." तामता हसली. "जुनी मेंबर म्हणालात तीच असणार."

"नाव काय तिचं?" कोझुएनं विचारलं.

"विचारलं नाही. इतक्या दिवसांनी नाव विचारणं बरं दिसतं का? तूच शिकवलंस ना मला, समोरच्याला अवघडायला होईल असं काही विचारू नये."

असेल कुणीतरी. चार हजार पोरं शिकतात इथे, फिरायची आवड एखादीला असणार, आणि पाहुणीला चिकटून फुकटचा डबा खाणाऱ्याही असतात. कोझुएनं मनाला असं खूप समजावलं. 'लाल पिशवी आहे का तिच्याजवळ?' हे पाच शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. तिनं आपल्या पिशवीची चांदीच्या रंगाची छोटी घंटी सोडली आणि तामताच्या पिशवीला बांधली. तिचा आवाज बारीक, किणकिणता. "अस्वलं आहेत वर," ती म्हणाली. "ही काढू नकोस."

तिसऱ्या गुरुवारी जेवण चालू असताना जिन्यावर पावलं वाजली. एक-एक पायरी, सावकाश. पावलांबरोबर घंटी. जड, पितळी, फुटक्या आवाजाची. ती वरच्या मजल्यावर आली, व्हरांड्यातून चालत यांच्या दाराशी आली आणि थांबली.

"आली वाटतं," तामता म्हणाली आणि ताट अर्धं टाकून उठली. "आज इथवर आली. जाऊ ना मी?"

तेव्हा धरायला हवा होता तिचा हात. मेज ओलांडून, भांडी लवंडून, धरून खाली बसवायला हवी होती. कोझुए आसनावरून उठलीच नाही. दार सरकलं, मिटलं. पितळी घंटी निघाली, तिच्यामागे बारीक घंटी निघाली, आणि दोन्ही जिना उतरून गेल्या. नोनोका रडायला लागली.

"बस झालं," कोझुए म्हणाली. "पुढच्या गुरुवारी मी तिला सगळं सांगते. तिला काय वाटायचं ते वाटू दे."

"पुढच्या गुरुवारी कशाला?" इगाराशी म्हणाला. "आज संध्याकाळी सांग."

कोझुए संध्याकाळी वसतिगृहावर गेली. तामता आईशी फोनवर बोलत होती, खिदळत होती, मध्येच तिनं फोन कोझुएकडे वळवला. पडद्यावर एक जाडजूड, दमलेली बाई दोन्ही हात जोडून वाकत होती आणि शिकून घेतलेलं एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होती: माझ्या लेकीला सांभाळलंत, उपकार झाले. यावर काय बोलणार? कोझुए वाकली, हसली आणि घरी आली.

४

चौथ्या गुरुवारी बर्फ पडलं. वर्षातलं पहिलं. कोझुएनं वाक्य पाठ केलं होतं: तामता, ती जागा तुझी नाही, चूक आमची आहे, तू तिच्याबरोबर जाऊ नकोस. बारा-दहा झाले. साडेबारा झाले. फोन लागेना. कोझुए बर्फातून धावत वसतिगृहावर गेली.

"सकाळीच गेली की आठला," वसतिगृहाच्या काकू म्हणाल्या. "मैत्रिणीबरोबर. रोज येते ना ती, लाल पिशवीवाली. मी म्हटलं, बाई गं, एवढ्या थंडीत बाहेर काय उभी राहतेस, आत ये, चहा घे. आत पाऊल टाकेल तर शपथ! आणि बूट कसले ओले, सोललेले. पोरीनं डबा मात्र आज मोठा नेलाय हं."

शोधपथकानं सहा दिवस डोंगर पिंजून काढला. ओढ्याच्या वरच्या अंगाला डबा सापडला, रिकामा, चाटूनपुसून लख्ख. तिथवर गेलेली पावलं एकाच माणसाची आहेत, असं पथकाच्या प्रमुखानं सांगितलं. काकूंनी शपथेवर सांगितलं, दोघी गेल्या. प्रमुखानं दोन्ही लिहून घेतलं. सातव्या दिवशी बर्फ कमरेइतकं झालं आणि शोध थांबला.

पुढच्या गुरुवारी इगाराशीनं कुणाला न विचारता दोन ताटं वाढली. मिहोकोचं परत खिडकीजवळ, तिच्या जागी. त्याच्या शेजारी, नवं आसन घालून, तामताचं. नोनोकानं एक झाकण उचललं, मग दुसरं. दोन्ही आतून थबथबलेली होती.

"थेंब आहेत," ती म्हणाली. "दोन्हींना."

'मग ठीक आहे' कुणी म्हणालं नाही. भात लावणारे हात मात्र पुढच्या गुरुवारीही चुकले नाहीत. कोझुएला झोप लागायची नाही. तिला वाटायचं, एकदा ओरडून सगळ्यांना सांगावं की मी मारली तिला, मी, 'आवडलं का' म्हणून.

५

डिसेंबरच्या मध्यावर तामताची आई आली. एतेरी तिचं नाव. विद्यापीठाच्या लोकांनी तिला डोंगर लांबून दाखवला, वाकून क्षमा मागितली, कागद दिले. तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, माझी मुलगी दर गुरुवारी जिथे जेवायची ती खोली दाखवा.

म्हणून त्या गुरुवारी बारा-दहाला ती मंडळाच्या दारात उभी राहिली. बूट काढताना तिचा तोल गेला, कोझुएनं सावरलं. खोलीत आली, दोन वाढलेली ताटं पाहिली, आणि दमलेलं माणूस जसं पहिल्या खुर्चीकडे वळतं तशी सरळ खिडकीजवळच्या आसनाकडे गेली. गुडघे वाकवले. हात झाकणाकडे गेला.

इगाराशी ताठ बसला. नोनोका ताटलीत बघायला लागली.

"तिथे नको!" कोझुए किंचाळली. "आई, उठा! ती जागा तुमची नाही!"

हयातीत ती कधी पाहुण्यावर अशी ओरडली नव्हती. एतेरी जागच्या जागी थिजली. कोझुएनं तिच्यासमोर बसकण मारली, फोन दोघींच्या मध्ये ठेवला. एकीनं बोलायचं, फोननं ते दुसरीच्या भाषेत म्हणायचं. कोझुएनं सगळं सांगितलं. मिहोकोचं, ताटाचं, थेंबांचं. सात मिनिटांच्या उशिराचं. आपण तिघं कसे गप्प बसलो, झाकण कसं कोरडं पडलं, घंटी कशी जिना चढून आली. "ती उपाशी राहिली म्हणून खाली आली," कोझुए म्हणाली, "जिनं तिचं ताट खाल्लं तिच्याकडे. एक शब्द बोलले असते तर तुमची मुलगी आज इथे असती. मला क्षमा करा म्हणत नाही मी. करूच नका."

फोन सपाट आवाजात बोलत राहिला. एतेरी ऐकत राहिली. तिनं कोझुएला मारलं असतं तर कोझुएला बरं वाटलं असतं.

मग तिनं विचारलं, "यातलं माझ्या लेकीचं कोणतं?"

कोझुएनं शेजारचं ताट दाखवलं. एतेरी गुडघ्यांवर सरकत त्याच्यासमोर गेली. झाकण उचलून उलटं केलं, आतल्या थेंबांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तिला पोचतं."

"हो."

"आणि हे मी खाल्लं, तर ती उपाशी राहील."

"हो. म्हणून तर..."

"आणि उपाशी राहिली," फोन म्हणाला, "तर ताट जिकडे गेलं तिकडे येईल."

"आई, नका," कोझुए म्हणाली. "तीन आठवडे झाले. बर्फ आहे वर. जे येईल ते..."

"मला कळतं तीन आठवडे म्हणजे काय," एतेरी म्हणाली. "मी डोंगरातली आहे."

तिनं वाडगा तोंडाला लावला आणि सूप पिऊन टाकलं. मग भात. जेवणाच्या काड्या तिला धरता येत नव्हत्या, तिनं हातानं खाल्लं, शीत न् शीत. लोणच्याच्या दोन्ही चकत्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि प्रत्येक घासाला, नकळत, तिच्या घशातून 'हंऽऽ' असा सूर निघत होता. नोनोकानं कानांवर हात ठेवले. इगाराशीनं तामताच्या रिकाम्या वाडग्याचं झाकण हळूच वळवून बघितलं आणि कोझुएसमोर धरलं. ते कोरडं होतं.

मिहोकोचं ताट खिडकीजवळ तसंच झाकलेलं होतं. तिची भूक भागलेली होती. तिला यायचं कारण नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, पन्हाळीवरून बर्फ घसरलं. मग जिन्याची सर्वांत खालची लोखंडी पायरी वाजली. मग दुसरी. पाय उचलून टाकायची सवय मोडलेल्या माणसाची चाल होती ती. मध्ये थांबणारी, परत सुरू होणारी. एतेरी पुसलेले हात मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसली.

"एकीची पावलं आहेत की दोघींची?" तिनं विचारलं.

कोझुएनं कान दिला. पितळी घंटी नव्हती. होती ती बारीक, किणकिणती, आत बर्फ भरल्यासारखी दबलेली. तिची स्वतःची घंटी. ती वरच्या मजल्यावर आली. व्हरांड्यातून यांच्या दाराशी आली. दाराच्या धुरकट काचेवर काहीतरी उंच, पांढरं, किंचित कलून उभं राहिलं. त्याला डोकं होतं, खांदे होते. बाकीचं नीट दिसत नव्हतं. काचेपलीकडे कुणीतरी बूट काढायचा प्रयत्न करत होतं आणि बूट निघत नव्हते.

"उघड," एतेरी म्हणाली.

कोझुए उठली. या खेपेला तिचे पाय चालले. दाराच्या खाचेत बोटं घालून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. एतेरी आसनावरून थोडी सरकून बसली होती. शेजारी एका माणसापुरती जागा करून तिनं दुसरा वाडगा पुढे ओढला होता, आणि भाताच्या भांड्याचं झाकण काढून ती वाढायला लागली होती.